पिंप

प्रिय मतदारहो,
इथवर लिहून तासभर झाला.

राजधानीतून पत्राचा साचा आलाय:
वर राज्याचं बोधचिन्ह, खाली हात धुण्याच्या सूचना,
मधे एक रिकामा चौकोन. त्यात भरायची आहे
‘आपल्या भागातील आशादायक बातमी’.

आमच्या मेन राज्यात हिवाळा आणि वसंत यांच्यामधे
चिखल नावाचा एक ऋतू असतो.
चाकं रुततात, टपालवाला शिव्या देतो,
आणि त्याला आम्ही वसंतच म्हणतो, उगीच वाद नको म्हणून.

मार्चमधे सभागृह घाईघाईत उठलं.
तातडीच्या खर्चाला हात वर केले, तेच हात धुतले, घरी आलो.
बाकाच्या खणात माझा करडा स्वेटर राहिला
आणि पेपरमिंटची अर्धी पुडी.
हे खोडते. हे कुणाला कळवायचं नसतं.

वर्षातले काही महिने मी तुमची आमदार,
उरलेले महिने बस नंबर सातची ड्रायव्हर.
हल्ली सीटवर मुलं नाहीत, कागदी पिशव्या आहेत:
सँडविच, दूध, सफरचंद,
पिशवीला स्टेपल केलेला तिसरीचा गृहपाठ.
फाटकाशी ठेवते, हॉर्न देते, मागे सरते.
बूशेंचा धाकटा, ज्याला वर्षभर ओरडले
‘जागेवर बस’ म्हणून,
खिडकीत बसलेला असतो. हलतसुद्धा नाही.

डार्सी पोमरलोने बेकारी भत्त्याच्या कचेरीला
मंगळवारी एकशे चाळीस वेळा फोन लावला.
म्हटलं, थांब, आमदारांसाठी वेगळा नंबर आहे.
वेगळ्या नंबरावर तीच पिपाणी वाजत होती,
जरा अदबीने, इतकंच.
मग दोघी आपापल्या स्वयंपाकघरात
एकाच लाइनवर ताटकळलो.
तिने बटाटे सोलले. मी हे पत्र.

जिल्ह्यात रुग्ण चार, मृत्यू एक.
त्या एकाने माझ्या शेडवर पत्रे घातले होते.
दोन खिळे वर आलेत,
येऊन ठोकून देतो म्हणाला होता, चिखल वाळला की.
नाव लिहायचं नाही, असा नियम आहे.
नियम मीच मंजूर केला. बरोबरच आहे तो.

सत्तरीपुढच्यांची यादी हातात आहे, तीनशे बारा नावं.
औषधं आहेत ना? लाकूडफाटा? कुणी येतं-जातं?
तिघांनी आवर्जून सांगितलं, तुला मत दिलं नव्हतं,
आणि मग अर्धा अर्धा तास फोन ठेवला नाही.

ऑरविल पेल्की, वय एक्याण्णव:
‘मला काही नको. पिंप बुडलं का, तेवढं सांग.’

नव्याने आलेल्यांसाठी सांगते:
अग्निशमन दलाची पोरं दर हिवाळ्यात
गोठलेल्या हॅकेट तलावावर एक नारिंगी पिंप ठेवतात,
आणि ते कधी बुडणार यावर
गाव डॉलर डॉलर लावतं.
ऑरविलची ब्यूला एकोणसाठ वर्षं
तेवीस एप्रिलवरच लावत आली. एकदाच जिंकली.
आता ती वृद्धाश्रमात, तो बाहेर झुडपांत उभा,
मधे बंद काच.
तिला त्याचं नाव आठवत नाही.
काचेवर बोटाने गोल काढते
आणि भुवया उंचावते.

रविवारी संध्याकाळी बस तिकडे वळवली.
डिझेल सरकारी होतं; हिशेबात माझ्याकडून धरा.
काठाशी पाणी सुटलंय, हातभर.
मधे करडं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बर्फ.
लून पक्षी एकच आला होता, वरून दोन घिरट्या घालून
उतरायला जागा न मिळून परत गेला.

साच्यातला चौकोन भरला आहे तो असा:
पिंप अजून उभं आहे. डावीकडे कललंय.
बर्फ पातळ झाला आहे,
दिसायला भक्कम दिसला तरी
कृपया कुणीही त्यावर पाऊल ठेवू नये.

आपली,
नदीन उलेट
ता. क. डार्सी, दुपारी लाइन लागली. तू झोपली होतीस.
आपला नंबर एकतिसावा आहे.
मी धरून बसले आहे.